उशाखालचा चाकू

"अथीच कुठी असन," मामाजी म्हणाले आणि पुन्हा वाकले.

ते कुणाशी बोलत नव्हते. धुकं इतकं दाट होतं की त्यांचा डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा तेवढा कलमांच्या ओळीवरून तरंगत जाताना दिसत होता. मध्येच तो खाली बुडायचा, थोड्या वेळानं पुढच्या रोपापाशी वर यायचा. हातातल्या काडीनं ते रोपांच्या बुडाचा पाला उलटून बघत होते. एक रोप, मग दुसरं, मग तिसरं. मागच्या बागेत आंबिया बहर फुटला होता. त्या दिवसांत आमच्याकडे प्यायच्या पाण्यालाही संत्र्याच्या फुलांचा वास लागतो, आणि मला तेव्हा झोप इतकी कमी मिळायची की तो वास कुठून येतोय हेही कधीकधी कळायचं नाही. आपण स्वप्नातच भांडी घासतोय असं वाटायचं.

सात महिन्यांच्या रेवाला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, असे शोधत फिरत होते त्याची ही आठवी सकाळ. आणि माझ्या पाठीमागे फळीवर रेवाच्या औषधांचा डबा होता. त्यात थर्मामीटर, पोटाचे थेंब, स्पिरिटची बाटली, कापूस. कापसाच्या खाली, जुन्या हातरुमालात गुंडाळलेला, मामाजींचा चाकू.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

आमची नर्सरी वरुडच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याची कलमं करून विकायची, हाच घरचा धंदा. मी अमरावतीची, बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र घेऊन. कलम मला आकृतीसकट पाठ होतं. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा काप द्यायचा, साल हलकेच उचलायची, तिच्याखाली संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायची. परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी गुण होते. लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात मी हौसेनं एक ओळ बांधली. मामाजींनी ती बांधू दिली. पंधरा दिवसांनी मला घेऊन गेले आणि पट्ट्या सोडून दाखवल्या. आतले सगळे डोळे काळे पडले होते.

"लाकडाले लागलं," ते म्हणाले. "साल उचलाची, लाकडाले कळूबी द्याचं नाही. डोया मंग आपसूक धरते." डोळ्याला ते डोया म्हणायचे.

त्यांचं सगळं त्या चाकूवर चालायचं. घडीचा चाकू. बहिरमच्या जत्रेत एका लोहाराकडून त्यांनी तो तरुणपणी घेतला होता. पातं ट्रकच्या पाट्याच्या लोखंडाचं, मूठ म्हशीच्या शिंगाची, आणि मुठीच्या शेवटी शिंगाचीच पातळ, जिभेसारखी एक पट्टी, साल उचलायला. दिवसभर तो त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. त्यानं डोळे काढायचे, सुतळी कापायची, पोत्याची शिवण उसवायची, पेरू चिरायचा, पायातला काटा काढायचा, माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे प्रफुलच्या, शाळेतल्या पेन्सिली म्हणे त्यानंच तासल्या होत्या. संत्र्याच्या रसानं पातं काळंभोर झालं होतं. रोज संध्याकाळी हौदाच्या काठावरच्या दगडावर ते त्याला धार लावायचे आणि अशी चाळीसेक वर्षं लावून लावून पातं अर्ध्याहून जास्त झिजलं होतं. मुळात बोटभर रुंद असलेलं ते आता काडीसारखं राहिलं होतं. उघडताना टक् असा बारीक आवाज यायचा. मिटताना येत नसे, कारण खिळा सैल झाला होता.

त्या चाकूला रात्रपाळीही होती. रेवा झाली तेव्हापासून दिवेलागणीला मामाजी हातपाय धुऊन यायचे आणि मिटलेला चाकू तिच्या उशाखाली सरकवायचे. सकाळी येऊन घेऊन जायचे.

"उशाखाली लोखंड असलं का लेकरू दचकत नाही," माझ्या सासूबाई सांगायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

"आत्याबाई, पण चाकू?"

"मंग काय नांगर ठेवतं?"

प्रफुलकडे तक्रार केली तर तो हसला. "अगं, मीपण त्याच चाकूवर झोपलोय लहानपणी. मला काही झालं का?"

"तेच तर बघतेय," मी म्हटलं.

मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. रेवाच्या छातीवर हात ठेवून मी तिचे श्वास मोजायची. पाळण्याच्या कड्या रोज ओढून बघायची. तिला थंडी बाजू नये म्हणून दिवसरात्र पायांत मोजे, त्यावर आणखी एक जोडी. माझे केस त्या दिवसांत मूठमूठ गळत होते. उशीवर, पाण्याच्या पेल्यात, कणकेत सापडायचे. आत्याबाई म्हणायच्या, लेकराचं जावळ उतरलं का थांबते, आणि मी म्हणायची, काळजीनं गळताहेत. कशाची काळजी, असं त्यांनी विचारलं की मात्र सांगता यायचं नाही. जे अजून झालं नव्हतं, त्याची.

मग एके दिवशी पहाटे तिला उचलायला वाकले तर उशीच्या अभ्र्यातून काहीतरी काळं डोकावत होतं. चाकू आपोआप उघडला होता. पात्याचं टोक कापडातून बाहेर आलं होतं, रेवाच्या कानापासून बोटभर अंतरावर. ती गाढ झोपेत होती. तोंडानं दूध पीत असल्यासारखं चुकुचुकु करत होती.

मी कुणाला उठवलं नाही. चाकू मिटला, रुमालात गुंडाळला, डब्यात कापसाखाली ठेवला. अभ्रा बदलला. भोक पडलेला अभ्रा चुलीत घातला.

सकाळी मामाजी आले.

"चाकू?" पाळण्याकडे बघत त्यांनी विचारलं.

सरळ सांगायचं मी ठरवलं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी खिळा ठोकून घेतला असता आणि संध्याकाळी चाकू परत उशाखाली आला असता. सगळे पुन्हा हसले असते. माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"काल तुम्ही ठेवलाच नव्हता, मामाजी."

ते थांबले. "ठेवला ना. तू तिले खिमटी चारून राह्यली होती."

"ते परवा."

"परवा?"

"हो. काल तुम्ही आलाच नाहीत इकडे."

ते बराच वेळ पाळण्याच्या कडीकडे बघत राहिले. मग त्यांनी बंडीचा खिसा चाचपला, एकदा, पुन्हा एकदा. "असन बावा," ते म्हणाले आणि बाहेर गेले. जाताना उंबऱ्याशी जरासे अडखळले, रोजचाच तो उंबरा असून.

एक-दोन दिवस शोधतील आणि सोडून देतील असं मला वाटलं होतं. प्रफुलनं लगेच वरुडहून नवा चाकू आणला. पिवळ्या मुठीचा, चकचकीत स्टीलचा, उघडला की पक्का अडकणारा. मामाजींनी तो उलटसुलट करून पाहिला. "चांगला हाय," ते म्हणाले. दिवसभर त्यानं काम केलं. संध्याकाळी दगडावर बराच वेळ घासत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारीच ओळ अर्धी सोडून उठले.

"काय झालं, बाबा?" प्रफुलनं विचारलं.

"काही नाही. पातं जाड हाय. साल उचलत नाही, फाटते." मग चाकूची कड घेतल्यासारखं म्हणाले, "नवा हाय अजून. त्याले काम समजाले टाइम लागन."

पण मला चाकूपेक्षा दुसरंच काही दिसत होतं. रात्री फाटकाची कडी लावून आल्यावर ते पुन्हा जाऊन कडी बघून यायचे. जेवण झाल्यावर हात धुता धुता आत्याबाईंना विचारायचे, "म्या भाकर एक खाल्ली का दोन?" आधी वाटलं गंमत करताहेत. आत्याबाईही म्हणाल्या, "घ्या, आता पोटाचीबी आठवन ठेवाले मीच." पण मग एके सकाळी मी त्यांच्या दुपट्ट्याच्या टोकाला गाठ पाहिली. दुसऱ्या दिवशी दोन गाठी. मोटर बंद करायची ही एक, आणि दुसरी कशाची ते त्यांना आठवत नव्हतं. ओट्यावर बसून ते त्या गाठीवरून अंगठा फिरवत होते.

"विसराले लागले आता," आत्याबाई मला आत येऊन हळूच म्हणाल्या. "यायच्या बापाचंबी असंच झालं होतं. अशीच एखादी वस्तू हरवाची आन् मंग..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. रोज खिडकीतून तो पांढरा दुपट्टा धुक्यात बुडताना आणि वर येताना बघायची. एवढ्या दिवसांनी काय म्हणून सांगायचं ते जुळायचं नाही. रेवा खांद्यावर जड व्हायची, आणि तो दिवस तसाच निघून जायचा.

आठव्या दिवशी मात्र ती खांद्यावर राहीना.

सकाळपासून ती रडत होती. आधी कुरकुर, मग न थांबणारं, एका सुरातलं रडणं. मी थेंब दिले. पोट शेकलं. कान दाबून पाहिले. हिरड्यांवरून बोट फिरवलं. ताप नव्हता. दूध तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची. प्रफुल पहाटेच जीप घेऊन पांढुर्ण्याला रोपं पोचवायला गेला होता. आत्याबाई दुपारी हळदीकुंकवाला गेल्या. जाताना म्हणाल्या, "नजर लागली असन. आल्यावर मीठमोहऱ्या ओवाळतो." वरुडच्या दवाखान्यात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, डॉक्टर जेवायला गेलेत, घेऊन या. प्रफुलला फोन लावला, लागला नाही. गावातल्या ऑटोवाल्याला लावला, तो म्हणाला अर्ध्या तासात येतो.

दुपारचे दोन वाजले असतील. धुकं केव्हाच विरलं होतं. अंगणात लख्ख ऊन होतं, फुलांवरच्या मधमाश्यांचा आवाज घरापर्यंत येत होता आणि मला त्या आवाजात आणि रेवाच्या रडण्यात फरक कळेनासा झाला होता. तिला मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसले. काहीतरी करायचं म्हणून तिचे कपडे काढायला लागले. झबलं. लंगोट. वरचे मोजे. आतले मोजे.

डाव्या पायाचं मधलं बोट जांभळं होतं.

द्राक्षासारखं टम्म फुगलेलं, गडद जांभळं. बाजूची बोटं नेहमीसारखी गुलाबी. मी हात लावला तशी ती अशी किंचाळली की हौदापाशी बसलेले मामाजी हातातलं टाकून आले.

"विंचू," मी म्हटलं. "मामाजी, विंचू चावला हिला. मोज्यात होता."

ते खाली उकिडवे बसले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. रेवाचा पाय त्यांनी दोन बोटांत धरला, डोळा काढताना फांदी धरायचे तसा, न दाबता. उन्हाकडे वळवला.

"विंचू नोहे," ते म्हणाले.

"मग काय?"

"हे पट्टी रुतल्यावानी दिसते."

मला वाटलं त्यांना भ्रम झालाय. आत्याबाईंचं अर्धवट वाक्य माझ्या कानात पुरं होऊ लागलं. "पट्टी कुठली, मामाजी? हे कलम नाही, रेवा आहे."

"माहीत हाय मले." त्यांचा आवाज शांत होता. "ते बुडाशी पाह्य. आळं पडलं हाय. कलमाची पट्टी टायमावर कापली नाही, का खोड जाड होते आन् पट्टी तठीच राह्यते. मंग वरचं असं फुगते. माहे डोये आता बारीक पाहत नाहीत. तू पाह्य, तठी काही हाय का."

मी वाकले. बोटाच्या मुळाशी, फुगलेल्या कातडीच्या दोन वळ्यांच्या मध्ये, खोल एक रेघ होती. रेघेत काहीतरी होतं. उन्हात मी तिचा पाय थोडा फिरवला तेव्हा ते चमकलं.

केस. काळा, लांब, दोन-तीन वेढे पडलेला.

माझा.

तो मोज्यात केव्हा गेला असेल, किती दिवस त्या बोटाभोवती हळूहळू आवळत गेला असेल, ते मला आजही सांगता येणार नाही. नखानं तो धरायला गेले तर नखाला लागेना. कातडीच्या आत गेला होता. मामाजींनी खिशातून पिवळ्या मुठीचा चाकू काढला. मी स्पिरिटचा बोळा आणून त्यावरून फिरवला. त्यांनी पात्याचं टोक त्या रेघेपाशी नेलं, थांबले, पुन्हा नेलं. हात कापत होता. टोक वळीच्या काठाला लागलं आणि तिथं रक्ताचा एक ठिपका आला. रेवाचा आवाज बसला होता. आता तिचं फक्त तोंड उघडत होतं.

मामाजींनी चाकू खाली ठेवला.

"हा जाड हाय," ते म्हणाले. "याच्यानं बोट कापन, केस नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, सहज, जसं एखाद्या दूरच्या माणसाविषयी बोलावं तसं, "माहा चाकू असता त झालं असतं."

अंगणात ऊन होतं तसंच होतं. एक मधमाशी रेवाच्या झबल्यावर येऊन बसली आणि उडाली. मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेले.

डबा फळीवर होता. मी तो तसाच उचलून बाहेर आणला. लपवून काढून, कुठंतरी सापडला असं म्हणता आलं असतं, हे मला नंतर सुचलं. त्या वेळी काहीच सुचत नव्हतं. त्यांच्यासमोर झाकण उघडलं, कापूस बाजूला काढला, रुमाल सोडला आणि चाकू त्यांच्या पुढ्यात धरला.

त्यांनी चाकूकडे पाहिलं. मग डब्याकडे. मग माझ्याकडे, क्षणभरच. हात पुढे केला.

टक्.

स्पिरिट लावलेलं ते काळं पातं उन्हात चमकलंही नाही. "पाय धर," ते म्हणाले. "गच्च नोको धरू. हलू मातर देऊ नोको. आन् केस कुठी हाय थे सांगत राह्य."

"डाव्या बाजूला. अजून थोडं. तिथं."

आधी त्यांनी पातं वापरलंच नाही. चाकू उलटा धरला आणि मुठीच्या शेवटची शिंगाची जीभ त्या रेघेत टेकवली, एका बाजूनं, सालीखाली घालतात तशी. तिरकी, सावकाश. त्यांचा श्वास थांबला होता. माझाही. कातडी किंचित उचलली गेली आणि शिंगाच्या टोकावर तो केस आला, ताणलेला.

"आला," मी म्हटलं.

"तशीच धरून राह्य," म्हणत त्यांनी शिंगाची ती जीभ जागीच ठेवून चाकूची मूठ माझ्या बोटांत दिली. घडीचा चाकू, पातं अर्धं मिटलेलं. एका हातात पाय, एका हातात मूठ. मग त्यांनी सैल खिळ्यावरचं ते पातं आपल्या बोटानं आणखी मिटवत आणलं, इतकं की त्याचं झिजलेलं टोक मुठीच्या शेवटी, त्या जिभेवर येऊन टेकलं. त्या केसावर. नव्या, घट्ट खिळ्याच्या चाकूला हे कधी जमलं नसतं. जाड पात्यालाही नाही. हात कापत नव्हता. मी बघत होते, तो अजिबात कापत नव्हता.

आवाज झाला नाही. केसाचं टोक एकदम वर उडालं.

दुसरा वेढा तसाच. तिसरा त्याच्याखाली. मग त्यांनी नखानं ओढून तो सगळा केस बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोटाला त्यांच्या हातून एक ओरखडासुद्धा नवा पडला नव्हता.

आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. मग जांभळ्या रंगाच्या कडेला जराशी लाली आली. ती हळूहळू वर चढायला लागली, पहाटे डोंगराच्या कडेला येते तशी. रेवानं दोन हुंदके दिले आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं.

"धरलं," मामाजी म्हणाले. डोळा फुटला की ते असंच म्हणायचे.

मला रडू येत होतं, पण आधी ते सांगायचं होतं.

"मामाजी, तुम्ही ठेवला होता."

"काय?"

"चाकू. त्या दिवशी संध्याकाळी. मी हिला खिमटी चारत होते, तुम्ही आलात, हात पुसलेत आणि उशाखाली ठेवलात. पहाटे तो उघडलेला दिसला, हिच्या कानाशी. मी भ्यायले. मी काढून ठेवला आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

ते चाकूच्या पात्यावरून कापूस फिरवत होते. फिरवता फिरवता थांबले.

"ते परवा नोतं?"

"नाही. मी खोटं बोलले त्याच्या आदल्या संध्याकाळी."

"म्हंजे..." त्यांनी दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. त्याच्यावर तीन गाठी होत्या. "म्हंजे म्या विसरलो नोतो."

"नव्हता विसरलात."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि त्याच दुपट्ट्यानं पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. चष्मा स्वच्छ होता. मला वाटतं त्या आठ दिवसांत ते काय शोधत फिरत होते ते मला त्या वेळी कळलं. मी मान खाली घालून रेवाच्या पायाकडे बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी एकेक करून तिन्ही गाठी सोडल्या.

ऑटो फाटकाशी येऊन थांबला तेव्हाच आत्याबाईही परतल्या. ओटीत गहू, कपाळभर हळदीकुंकू. अंगणातला पसारा, उघडा डबा, कापूस, रक्ताचा तो एक ठिपका बघून त्या जागीच उभ्या राहिल्या. मी त्यांना बोट दाखवलं, केस दाखवला. त्यांनी रेवाच्या पायाला कपाळ टेकवलं, आणि वर बघताना त्यांची नजर मामाजींच्या हाताकडे गेली.

"हा कुठी सापडला वं?"

त्यांनी मला विचारलं होतं. मी तोंड उघडलं.

"बारदान्यात होता," मामाजी म्हणाले. "रिकाम्या पोत्यायच्या गठ्ठ्यात. म्याच ठेवला असन आन् विसरलो असन."

"पाह्य," आत्याबाई मला म्हणाल्या. "मी म्हनत नोती?"

"हाव," मामाजी म्हणाले. "वय झालं आता." चाकू मिटून त्यांनी बंडीच्या खिशात टाकला, आणि खिशावरून हात फिरवला. "तुम्ही जा दवाखान्यात. ऊन हाय तोवर."

डॉक्टरांनी भिंगातून बोट बघितलं, औषध लावलं. बाळंतपणानंतर बायकांचे केस गळतात, असं होतं कधीकधी, म्हणाले. उद्यापर्यंत राहिलं असतं तर बोट गेलं असतं. कुणी काढला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कशानं, असं विचारलं. चाकूनं, एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी डिसेंबरात बांधलेल्या कलमांच्या पट्ट्या कापत होते. मी रेवाला घेऊन गेले आणि ओळीच्या टोकाला पोतं अंथरून तिला उन्हात बसवलं, अनवाणी. माझे केस मी घट्ट बांधून वर रुमाल गुंडाळला होता. "ये," ते म्हणाले, आणि चाकू माझ्या हातात दिला. डोळ्याच्या उलट्या बाजूनं, वरून खाली, पट्टीवर नुसतं टेकवत न्यायचं. पहिली पट्टी सुटली तेव्हा सालीवर एक पुसट, गोल खूण होती. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पुढच्या रोपाकडे गेले.

संध्याकाळी ते हातपाय धुऊन पाळण्यापाशी आले नाहीत. मी वाट बघितली. मग मीच ओट्यावर गेले.

"चाकू, मामाजी."

त्यांनी वर बघितलं. खिळा त्यांनी ठोकला नव्हता; ठोकला तर पातं बोटानं वळवावं तसं वळणार नाही, हे मला आता माहीत होतं. त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढून मिटलेल्या चाकूभोवती दोन वेढे घातले, गाठ मारली आणि माझ्याकडे दिला. मी तो उशाखाली ठेवला. सकाळी सुतळी सोडून त्यांना परत दिला. मग रेवा मोठी होईपर्यंत रोज तसंच.

ते खरोखर विसरायला लागले ते पुढे पाच-सहा वर्षांनी. आधी माणसांची नावं गेली, मग ओळींची, मग प्रफुल. एकदा धार लावायला बसले आणि दगड कशासाठी आहे ते त्यांना आठवेना. रेवाला ते बाई म्हणायचे, मलाही बाई म्हणायचे. चाकू मात्र खिशात लागायचा. मी सुतळीची गाठ पक्की मारून त्यांच्या खिशात ठेवत असे, आणि ते दिवसभर त्यावरून बंडीवरूनच हात फिरवत बसत.

दिवेलागणीला कधीकधी त्यांची नजर एकदम निवळायची. मी समोरून गेले की हाक मारायचे.

"बाई, त्या दिवशी म्या चाकू ठेवला होता नं उशाखाली?"

"हो, मामाजी," मी म्हणायची. "तुम्ही ठेवला होता. मी बघत होते."